लक्ष्मीबाई टिळकांचा आनंद

मार्गशीर्ष हा आमच्या बीड जिल्ह्यात उत्सवाचा महिना. अंबाजोगाईस योगेश्वरीचा मोठा उत्सव याच महिन्यात भरतो आणि पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या दिवशी, त्याची सांगता होते. कुळाचारासाठी कोकणातून, पुण्या-मुंबईहून आलेल्या कुटुंबांनी गाव गजबजून जाते. गुरुवारी घरोघर महालक्ष्मीचा घट मांडला जातो. याच सुमारास, कधी मार्गशीर्ष सरता सरता तर कधी पौष लागल्यावर, २५ डिसेंबरचा नाताळ येतो. आमच्या बहुतेक वाचकांचा या सणाशी संबंध एवढाच, की मुलांना सुट्टी असते, आणि शेजारी एखादे ख्रिस्ती कुटुंब असल्यास त्यांच्या घरून फराळाचे ताट येते. ताटात करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू. दिवाळीचे ताट आणि हे ताट शेजारी शेजारी ठेवले, तर कोणते कोणाचे हे ओळखता येऊ नये.

असे एक ताट आमच्या लहानपणी आमच्या घरीही येत असे. शेजारच्या बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. सारी आळी त्यांना ‘सिस्टर’ म्हणे. मूळच्या त्या नगरकडच्या. पती लवकर गेलेले, एकुलता मुलगाही हाताशी येता येता गेला. असे असूनही रात्रपाळी करून पहाटे परतताना त्या काहीबाही गुणगुणत येत. अंगण झाडताना हसतमुख असत. आमच्या आजीला याचे मोठे नवल वाटे. एकदा तिने विचारलेच, “सिस्टर, तुला गं कशाचा एवढा आनंद?” त्या म्हणाल्या, “आजी, रात्री वॉर्डात मी एकटी नसते. माझा प्रभू असतो बरोबर.” आजी यावर काही बोलली नाही. पण त्यांच्या घरचे ताट मात्र ती कधी स्वयंपाकघरात नेत नसे. ते परसात जाई आणि करंज्या गोठ्यातल्या गाईच्या मुखी पडत. रिकामे ताट परत करू नये म्हणून आजी त्यात चिमूटभर साखर घाली. एका नाताळला सिस्टरनी गाईला करंज्या खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी ताट आले ते नेहमीपेक्षा भरलेले. सोबत निरोप होता, “दोन करंज्या गाईच्या नावाच्या जास्त घातल्या आहेत.”

हा निरोप आम्ही पुष्कळ वर्षे विसरून गेलो होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली, तेव्हा तो एकाएकी आठवला. कारण त्या पुस्तकातील हसू नेमके याच जातीचे आहे.

लक्ष्मीबाईंची हकिकत मराठी घरांना अपरिचित नाही; तथापि तिच्यातील एक गोष्ट बहुधा नीट लक्षात घेतली जात नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील सोवळ्याने पछाडलेले होते. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने विटाळाचा धसका घेतला. घरात काय धुवावे आणि काय धुऊ नये, कोणाची सावली चालेल आणि कोणाची चालणार नाही, याच चिंतेत त्या घरातील बायका-मुलांचे दिवस जात. वयाच्या अकराव्या वर्षी लक्ष्मीबाईंचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक प्रतिभावान, मनस्वी, तापट आणि कमालीचे अस्थिर. आज एका गावी नोकरी, उद्या राजीनामा. घरात आलेला पैसा दारात आलेल्याला देऊन टाकायचा. त्यात पोटची लहान मुले गेली. आणि या साऱ्यावर कळस म्हणून १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नीचे मन न वळवता, ती माहेरच्या माणसांत असताना टिळकांनी हे केले. या जागी आम्हांला टिळकांची बाजू घेता येत नाही. ज्या धर्मात प्रीती हीच मुख्य आज्ञा, त्या धर्मात जाण्याची पहिली किंमत एका तरुण स्त्रीने लहान मुलाला पोटाशी धरून, वेड लागण्याची पाळी येईतो रडून भरावी, हे टिळकांच्या चरित्रातील न पुसणारे ओझे आहे. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील काही काळ त्या पंढरपुरास होत्या. नातलगांनी आधार दिला, टोमणेही दिले. पुढे त्या टिळकांकडे, तेव्हाच्या अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, गेल्या, तरी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून गेल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

आता ती लक्षात न येणारी गोष्ट. पतीमागून पत्नी गेली, असे म्हणून आपण हा भाग उरकून टाकतो. स्मृतिचित्रांतून दिसते ते निराळे. बाप्तिस्म्याच्या आधी, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आपल्याच मनाशी विचार करताना लक्ष्मीबाईंना असे उमगले, की माणूस देवाने निर्माण केला असेल, पण माणसामाणसांतील जातीच्या भिंती काही देवाने घातलेल्या नाहीत. ज्या मुलीने बापाच्या घरी विटाळाच्या भीतीखेरीज दुसरे काही फारसे पाहिले नव्हते, तिने कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला, आणि तो एका दिवसात नव्हे, पायरी पायरीने अंगवळणी पाडला. त्यांची भीती गेली ती अशी. आनंद त्यामागून आला. पुढे आयुष्यभर तो त्यांच्या घरी वस्तीला राहिला, हे त्यांच्या पुस्तकाचे कोणतेही पान उघडले तरी दिसते.

तो आनंद सुखाचा होता असे कोणी समजू नये. बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे दारिद्र्य हटले नाही, टिळकांचा स्वभाव पालटला नाही, घरातली भांडणे थांबली नाहीत. उलट घरात माणसे वाढली. दुष्काळात पोरकी झालेली मुले आली. नकुशी म्हणून टाकलेली एक पोर आली, तिला लक्ष्मीबाईंनी लेक मानले. बालकवी ठोंबरे काही काळ याच घरी मुलासारखे राहिले. नगरास प्लेग आला तेव्हा लोक गाव सोडून पळत होते आणि लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची उस्तवारी करीत होत्या. विटाळाच्या भीतीत वाढलेली स्त्री जिवावरच्या साथीत दुसऱ्याचे अंग पुसते, ही घटना आम्हांला तिच्या बाप्तिस्म्याहून मोठी वाटते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यानंतर उतारवयात त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची नोकरी केली, पुढे मुलाच्या बिऱ्हाडी कराचीस राहिल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. टिळकांनी जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहिले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. स्मृतिचित्रे त्यांनी लिहिली तीही याच वयात. १९३६ साली त्या निवर्तल्या.

एवढे सोसलेल्या बाईचे पुस्तक रडके असावयास हवे होते. ते तसे नाही. टिळकांच्या विसरभोळेपणावर त्या हसतात, सासऱ्यांच्या संतापावर हसतात, स्वतःच्या अडाणीपणावर तर सर्वांत जास्त हसतात. त्यांच्या हसण्यात सूड नाही. ज्याने छळले त्याचेही माणूसपण त्या हसता हसता जपतात. आम्हांला विचाराल तर अंतरीच्या आनंदाची याहून चोख परीक्षा दुसरी नाही. भजनात डोळे मिटून डोलणारा मनुष्य घरी येऊन सुनेवर खेकसत असेल, तर त्याला झाला तो हर्ष. तो टाळ खाली ठेवला की ओसरतो. लक्ष्मीबाईंचा आनंद चुलीपाशी टिकला.

येथे आमच्या काही वाचकांच्या मनात जी शंका उभी राहिली असेल, ती आम्ही टाळू इच्छीत नाही. धार्मिक पुरवणीत धर्मांतर केलेल्या स्त्रीचे गोडवे कशासाठी? ही शंका कोत्या मनाची आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या अंबाजोगाईस दासोपंतांची समाधी आहे, त्या जिल्ह्यात तर ती सहज उठावी. दासोपंतांचे चरित्र आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. वडिलांकडून सरकारसारा थकला म्हणून कोवळ्या वयाच्या दासोपंतांना बिदरच्या बादशहाने ओलीस धरून ठेवले. महिन्याच्या आत रकमेचा भरणा झाला नाही तर मुलाला मुसलमान करू, अशी अट घातली. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने येऊन रक्कम भरली, असे ते चरित्र सांगते. पुढे त्याच दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहून काढले. मुलाच्या गळ्यावर सुरी ठेवून, पोटाला चिमटा काढून किंवा दवाखान्यातल्या औषधाच्या बदल्यात बदलविलेला धर्म हा धर्म नव्हेच, मग बदलविणारा कोणत्याही पंथाचा असो. हे आम्ही आधी सांगून टाकतो.

पण हाच नियम उलट बाजूनेही लागू करावयास हवा. धाकाने लादलेले धर्मांतर खोटे असेल, तर धाक झुगारून, सारे गमावून, मनाच्या साक्षीने उचललेले पाऊल खोटे कसे म्हणता येईल? लक्ष्मीबाईंना त्या पावलाने काय मिळाले? पैसा नव्हे, मान नव्हे. नातलग दुरावले. दासोपंत आपल्या देवाशी एकनिष्ठ राहिले तो निश्चय आणि लक्ष्मीबाई आपल्या देवाकडे गेल्या तो निश्चय, यांचा मार्ग भिन्न असला तरी दोन्हींकडे भीतीला दिलेला नकार एकच आहे.

दुसरीही एक गोष्ट आम्ही करू नये. ती अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवी. आपल्यातील उदार माणसे म्हणतात, की लक्ष्मीबाईंना भेटला तो ख्रिस्त म्हणजे आपला विठ्ठलच. नावाचा काय तो फरक. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही हे दुसऱ्याच्या घरातील दिवा आपल्या देव्हाऱ्यात आणून ठेवण्यासारखे झाले. लक्ष्मीबाईंनी पंढरपूर पाहिले होते, विठोबा त्यांना ठाऊक होता. त्यांना जो आनंद झाला तो त्यांच्या मते ख्रिस्तापासून झाला, आणि ज्याचे त्यानेच सांगितलेले खरे धरावे. शेजारधर्म एवढाच मागतो, की दिवा त्याच्या घरी तेवू द्यावा आणि उजेड आपल्या अंगणात पडला तर खिडकी लावून घेऊ नये.

तो उजेड आपल्याला अनोळखीही नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे बोल स्वतः टिळकांचे आहेत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने उभी केली, आयुष्याच्या अखेरीस नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तो पूल कोणत्या दगडाचा बांधलेला होता हे आठवावे. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, पत गेली. आणि ज्याचे सारे गेले, त्या माणसाच्या तोंडून महाराष्ट्राला आनंदाची भाषा मिळाली. ख्रिस्ती मंडळींत पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र आनंदाचे पत्र म्हणून मानले जाते. तेही त्याने बंदिवासातून लिहिलेले आहे. देहूचा दुष्काळ आणि पौलाची बेडी यांची ओळख टिळकांना पटली असावी, असे आम्हांला वाटते. नाहीतर एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यास त्यांनी हाच पूल का निवडावा?

बीडच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. दसरा-दिवाळी उलटली की आमच्या गावांतील कर्ती माणसे बायका-मुलांसह कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मार्गशीर्षाचे उपास आणि पौषातील रविवार पुष्कळ बाया फडातील पाचटाच्या कोपीत करतात. मागे घरी म्हातारी माणसे आणि कुलपे. अशा जिल्ह्यात आनंद हा भरल्या पोटाच्या गप्पांचा विषय म्हणून मांडणे ही चेष्टा ठरेल. दुःख नाहीसे करून देतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गंडा बांधणारे बुवा आपल्याकडे आहेत, आणि अलीकडे प्रार्थनेने रोग पळवून लावण्याची हमी देणारे प्रचारकही गावोगाव दिसतात. दोघांचा माल एकच आहे आणि त्यात लक्ष्मीबाईंचा आनंद नाही. लक्ष्मीबाईंना कोणी दुःख हटविण्याची हमी दिली नव्हती, त्यांचे दुःख हटलेही नाही. दुःखाच्या काळात आपल्याजवळ कोणी आहे, एवढेच त्यांना कळले. “रात्री वॉर्डात मी एकटी नसते” असे आमच्या सिस्टर म्हणाल्या, त्यांनीही रात्रपाळी टळेल असे काही म्हटले नव्हते.

आमची आजी भाविक होती. तिच्या एकादश्या निर्जळी असत, परळीच्या वैजनाथाची वारी तिने कधी चुकविली नाही. तिच्या भक्तीविषयी आमच्या मनात आजही संशय नाही. संशय आहे तो तिच्या आणि आमच्या घराच्या आनंदाविषयी. त्या घरात हसण्याचा आवाज फार थोडा होता. शिवाशिव, दृष्ट, खंडित झालेले व्रत, चुकलेला मुहूर्त, कोणाच्या हातचे पाणी, या सगळ्यांची भीती इतकी जागा व्यापून होती, की देवाला पुरुषभर तरी जागा उरली असेल की नाही, कोण जाणे. हे लिहिताना आम्हांला वाईट वाटते. आजीने आम्हांला वाढविले, आणि तिच्यावरची भीतीही तिच्या आजीने घातलेली होती.

१९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, कडबा मिळेना. आमची गाय त्या वर्षी विकावी लागली. रेशनवर तांबडी मिलो येत होती, तिच्या भाकरी नीट थापल्या जात नसत, तरी सारे गाव तीच खात होते. त्या साली नाताळला ताट येईल असे आमच्यापैकी कोणाला वाटले नव्हते. संध्याकाळी सिस्टर स्वतः घेऊन आल्या. शंकरपाळे नव्हते, लाडू नव्हते; झाकलेल्या रुमालाखाली चार करंज्या होत्या.

आजीने सवयीने ताट हाती घेतले आणि परसाच्या दाराकडे दोन पावले टाकली. मग ती थांबली. गोठा रिकामा होता. सिस्टर उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्यांच्याही ते ध्यानात आले आणि त्यांना हसू आवरेना. आजी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग आम्ही मुलांनी कधी ऐकले नव्हते असे ती मोठ्याने हसली. ताट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. पाटावर बसून तिने एक करंजी मोडली, अर्धी आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “सारणात खोबरं कमी पडलंय बिचारीला. डब्यात साखर किती उरली आहे, बघ. ताट रिकामं द्यायचं नाही.”